सिग्नलवर तापणारी, रस्त्यावर थंड होणारी गाडी: दोष कसा शोधायचा

गाडी मेकॅनिककडे लावण्याआधी एक गोष्ट नीट बघून ठेवा: ती नेमकी कधी तापते? सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलवर उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि पुढे विजापूर रोडला 50-60 च्या वेगाने निघालं की दोन-तीन मिनिटांत आपोआप उतरतो, असं असेल तर निम्मं निदान तिथेच झालं. धावत्या गाडीच्या रेडिएटरवर समोरून वारा येत असतो, पंख्याची फारशी गरज लागत नाही. उभ्या गाडीला मात्र वारा देणारा पंखाच. म्हणून पहिला संशय पंख्यावर, दुसरा हवेची वाट अडवणाऱ्या कचऱ्यावर. उलट, तुळजापूरचा घाट चढताना किंवा पुणे हायवेला वेगात असताना तापते आणि सिग्नलवर ठीक असते, तर रेडिएटर आतून तुंबलाय, वॉटर पंप कमजोर झालाय किंवा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) अर्धवटच उघडतोय. दोन्हीकडे तापत असेल तर आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमधलं द्रव) बघा.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो. तरी ‘आपल्याकडचं ऊनच असं, गाडी तापणारच’ हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. धडधाकट गाडी या उन्हात एसी लावून अर्धा तास उभी राहते. तापली, तर काहीतरी बिघडलेलं आहे.

काटा चढताना जागेवर काय करायचं

एसी बंद करा. काचा खाली घ्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावा. मे महिन्यात हे नको वाटतं, पण हीटरची कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची बरीच उष्णता ती बाहेर काढते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन 1500 ते 2000 आरपीएमवर धरा, पंप जास्त पाणी फिरवेल. काटा लाल पट्टीत गेला, लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ आली, की बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. बऱ्याच नव्या लहान गाड्यांत काटा नसतोच, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा फार उशिरा लागतो, तेव्हा ‘घर जवळच आहे’ म्हणून पुढे जाऊ नका.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकणावर 1.1 बार लिहिलेलं असेल तर पाणी साधारण 120 अंशापर्यंत उकळत नाही, पण झाकण सैल होताच ते एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. किमान 45 मिनिटं थांबा. तापलेल्या इंजिनवर किंवा आत थंड पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

थंड इंजिनवर पहिली नजर

सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, कूलंटच्या बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. ज्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आहे तिथे तेही उघडून बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं सर्रास आढळतं. याचं कारण बहुतेकदा झाकणच असतं. त्याचं रबर चपटं, कडक झालं किंवा छोटी व्हॉल्व्ह अडकली की थंड होताना बाटलीतलं कूलंट परत ओढलं जात नाही. रेडिएटर बदलण्याआधी त्याच दाबाचं नवं झाकण लावून बघा, खर्च अगदी किरकोळ.

कूलंट कमी होत असेल तर ते जातंय कुठे ते शोधा. होज पाईपच्या क्लिपांपाशी हिरवट किंवा गुलाबी खार, वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून उतरलेला ओघळ, पायाशी ओला गालिचा. गालिचा कूलंटने ओला असेल तर हीटर कोअर गळते.

पंखा: इथे वेळ द्या

गाडी सावलीत उभी करून चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावताच काही सेकंदांत पंखा फिरायला हवा. मग एसी बंद करून इंजिन तापू द्या. गाडीगणिक फरक असतो, पण 95 ते 100 अंशांच्या आसपास पंखा स्वतःहून लागतो आणि चार-सहा अंश उतरल्यावर थांबतो. 2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांत ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर नेमका आकडा दिसतो. काट्यावर फार विसंबू नका, तो बराच वेळ मध्येच अडवून ठेवलेला असतो.

एसी लावल्यावर काटा उतरतो आणि बंद केल्यावर चढतो, अशी उलटी तक्रार असेल तर मोटर चांगली आहे हे धरून चला. एसीकडून पंख्याला हुकूम मिळतोय, इंजिनच्या तापमानाकडून मिळत नाहीये. म्हणजे टेम्परेचर सेन्सर, त्याची वायर किंवा रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच). ज्या गाडीत दोन पंखे आहेत तिथे कंडेन्सरचा (रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या एसीच्या जाळीचा) पंखा चालू आणि रेडिएटरचा बंद, हीही शक्यता आहे.

पंखा मुळीच फिरत नसेल तर क्रम असा. फ्यूज बघा, तो साधारण 30 किंवा 40 अँपिअरचा असतो. रिले काढून त्याच नंबरची, तेवढ्याच पिनांची दुसरी रिले, उदाहरणार्थ हॉर्नची, तिथे बसवा. तरीही नाही, तर मोटरचं कनेक्टर सोडवून जाड वायरने, मध्ये फ्यूज ठेवून, बॅटरीतून थेट 12 व्होल्ट द्या. थेट दिल्यावर फिरला तर दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरचा. नाहीच फिरला, पण स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर हलकेच टकटक केल्यावर सुरू झाला, तर मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेत. कनेक्टरच्या आतल्या पिनाही नीट निरखा. पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलेलं असेल तर तिथे करंट अडतोय आणि पंखा अर्ध्या ताकदीवर फिरतोय. ही सगळी तपासणी करताना बोटं पंख्यापासून लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

आता फिरणाऱ्या पण कमजोर पंख्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवतो तो हाच. फिरतोय ना, म्हणून मेकॅनिक पुढे जातो. वर्तमानपत्राचं एक पान जाळीसमोर धरा. चांगल्या पंख्याने ते खेचून कंडेन्सरला चिकटून राहतं. फडफडून खाली पडलं तर एक तर मोटर थकलीय किंवा हवेची वाट बंद आहे. पान पुढे ढकललं गेलं, तर मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्यात आणि पंखा उलटा फिरतोय. एसी आणि हेडलाईट लावून बॅटरीचा व्होल्टेजही मोजा: इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 हवा. आयडलला तो 13 च्या खाली जात असेल तर अल्टरनेटर कमी पडतोय आणि पंखा हळू फिरतोय.

दोन वेगांच्या पंख्यात रेझिस्टर जळला की हळू वेग गायब होतो, पंखा उशिरा, एकदम जोरात लागतो. बोलेरोसारख्या गाडीत व्हिस्कस कपलिंगचा पंखा असतो. गरम इंजिन बंद करून तो हाताने फिरवा. जडसर लागायला हवा. भिंगरीसारखा गरगर फिरला तर कपलिंगमधलं सिलिकॉन ऑइल गळून गेलंय.

हवेची वाट

पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि कचरा असतो तो त्याच्या मागे, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज जाणाऱ्या गाडीत चादर-टॉवेलच्या कारखान्यांची लव साचते, मंगळवेढ्याकडे फिरणाऱ्या गाडीत ज्वारीचं भुसकट. त्यावर धूळ आणि पावसाळ्याचा चिखल बसला की नमद्यासारखा थर होतो. टॉर्च पंख्याच्या बाजूने लावा आणि समोरून बघा. उजेड आरपार दिसत नसेल तर वाट बंद आहे. पाणी इंजिनकडून बाहेरच्या दिशेने, साध्या नळीने मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या आडव्या पडतात आणि हवा कायमची अडते. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं काऊल अपघातानंतर परत बसवलंय ना, तेही बघा. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा घुसळत बसतो.

बोअरचं पाणी आणि काढलेला थर्मोस्टॅट

आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकण्याची सवय फार महागात पडते. गिझरच्या कॉईलवर जो पांढरा खडू साचतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या, किंवा तयार प्रीमिक्स तसंच टाका. त्यात आणखी पाणी नको. नुसत्या रंगावरून जुन्यात नवं मिसळू नका, गाडीच्या पुस्तकातला प्रकार बघा.

‘आपल्या हवेला थर्मोस्टॅट लागत नाही’ म्हणून तो काढून टाकणारे अजूनही आहेत. काढायला देऊ नका. इंजिन नीट तापत नाही, मायलेज घटतं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहून पाणी रेडिएटरला वळसा घालतं. संशय असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टांगून तापवा, सोबत थर्मामीटर ठेवा. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि उकळत्या पाण्यापर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

इतकं सगळं ठीक असूनही तापत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि त्याखालच्या इंजिन ब्लॉकमधल्या सीलवर. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा आणि ही लक्षणं बघा: रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा टणक, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय, कूलंट घटतंय पण गळती कुठेच नाही. हेड उतरवण्याआधी ब्लॉक टेस्ट करून मागा. निळं द्रावण पिवळं झालं तर कूलंटमध्ये जळलेला वायू येतोय.

काम झाल्यावर कूलंट भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हीटर गरमवर ठेवा आणि ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. मग एसी लावून घरासमोरच 25 मिनिटं आयडलला उभी करा. त्यानंतर एसी बंद करून पंखा किमान दोनदा स्वतःहून सुरू होऊन थांबलेला बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा तपासा. अडकलेली हवा निघून ती थोडी उतरलेली असते, तेवढी भरून घ्या.