मेडन जिंकला म्हणून लगेच डर्बी हॉर्स नाही: नवीन घोडा कसा जोखायचा

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या सीझनमध्ये नवीन घोडे पळायला लागले की एखादा मेडन (एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांची रेस) पाच लेंग्थने (म्हणजे पाच घोड्यांच्या लांबीने) मारतो आणि लगेच सगळे म्हणतात, हाच पुढचा डर्बीवाला, म्हणजे सीझनची सर्वात मोठी रेस मारणारा. अरे थांबा जरा, हरवलं कोणाला ते तर बघा! त्याच्या मागे आलेल्या चार-पाच घोड्यांवर पुढचे दोन महिने नजर ठेवा, त्यातले एक-दोन जिंकले तर ती रेस दमदार होती, सगळेच आपटले तर पाच लेंग्थला काही अर्थ नाही.

रेसचा व्हिडिओ परत लावा आणि फक्त शेवटचे २०० मीटर बघा, तेही जॉकीच्या हातांकडे बघत. चाबूक खाऊन जेमतेम जिंकलेल्यापेक्षा स्टार्टिंग गेटमधून उशिरा सुटून, वळणावर बाहेर फेकला जाऊनसुद्धा चाबकाशिवाय चौथा आलेला घोडा मला जास्त आवडतो, कारण पहिल्या रेसला निम्म्यांना कळतच नाही की पळायचं कशासाठी. खरी परीक्षा दुसऱ्या रनला. तिथे सरळ पळाला आणि शेवटी वेग वाढवला तर समजा डोकं जागेवर आलंय.

टायमिंगच्या मागे फार लागू नका. पुण्यात पावसाळ्यातला ट्रॅक ओला असतो, मुंबईत हिवाळ्यात कोरडा, त्यामुळे पेनिट्रोमीटर रीडिंग (ट्रॅक किती मऊ-कडक आहे त्याचं माप) न बघता सेकंद जुळवणं म्हणजे निव्वळ टाइमपास. त्याच दिवशी त्याच अंतराच्या दुसऱ्या रेसशी तुलना करा, तेवढं पुरे. ट्रॅकवर्कमध्येही (सकाळच्या सरावात) ६०० मीटरच्या वेळेचा आकडा एकटा वाचू नका, तो सहज आला की रेटून आणला ते बघा, आणि सोबत कोण पळत होता तेही.

वय पण बघा. कागदावर सगळ्यांचं वय १ जानेवारीला वाढतं, पण जानेवारीत जन्मलेला आणि एप्रिलमध्ये जन्मलेला यांच्यात तीन महिन्यांचा फरक असतोच, आणि एवढ्या लहान वयात तो दिसतो. पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) उंच, लांब, अजून अंग न भरलेला घोडा १००० मीटरला हरला तर त्याला लगेच यादीतून काढू नका. थंडीतही घामाने निथळणारा मात्र मला नको वाटतो.

आता अंतर. गिनीज ही डर्बीआधीची मोठी रेस डिसेंबरमध्ये १६०० मीटरची, डर्बी फेब्रुवारीत २४०० ची, म्हणजे मेडनपासून डर्बीपर्यंत साधारण वर्षभर जातं. १००० ला सुरुवातीपासून सुसाट सुटणारे बरेच जण १४०० ला ढेपाळतात, म्हणून आईची आधीची पिल्लं किती अंतरावर जिंकली ते शोधा, नुसतं बापाचं नाव वाचून भागत नाही. आणि फिली (तरुण घोडी) आहे म्हणून सोडू नका हां, डर्बीत तिला कोल्टपेक्षा (तरुण नर घोड्यापेक्षा) पाठीवर दीड किलो वजन कमी मिळतं आणि २०१० ची डर्बी जॅकलिन नावाच्या फिलीनेच मारली होती.