एसटीच्या आसपास दुचाकी चालवताना : एका चालकाकडून

मी सातारा विभागात एसटी चालवतो आणि घरून डेपोला येतो-जातो ते स्प्लेंडरवर. त्यामुळे ‘बसवाले माजलेत’ हेही रोज कानावर येतं आणि ‘ही पोरं कुठूनही घुसतात’ हेही. दोन्ही सीटवर बसून एक गोष्ट पक्की कळली. समोरच्याला काय दिसतं आणि त्याची गाडी काय करू शकते, हे ठाऊक नसल्यामुळेच बरीचशी भांडणं होतात. तेवढं सांगायला हे लिहितोय.

सगळ्यात आधी डावी बाजू. चालक उजवीकडे बसतो. डावीकडचं सगळं त्याला एका आरशातून आणि दाराच्या काचेतून बघावं लागतं, त्यात दारात माणसं उभी असली की काचही गेली. पुढच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून दुचाकी उभी असेल तर ती मला दिसतच नाही, हेल्मेटचा रंग कितीही भडक असू दे. ओळखायची खूण सोपी आहे : बसच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसतोय का? दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. सिग्नलला थांबताना एवढं बघून मगच जागा धरा.

आता वळण. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जीव इथेच जातात. मोठी बस बारा मीटरपर्यंत लांब असते. तिला डावीकडे वळायचं असेल तर आधी थोडं उजवीकडे जावं लागतं, नाहीतर ती वळतच नाही. त्या वेळी डावीकडे जागा मोकळी झालेली दिसते आणि दुचाकीवाला त्या जागेत शिरतो. पण बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, ते आतून कापत येतं. मोकळी वाटलेली ती जागा दोन-तीन सेकंदांत संपते आणि मग एका बाजूला फुटपाथ, दुसऱ्या बाजूला चाक. उजवीकडेही सगळं ठीक नसतं. मागच्या चाकाच्या मागे बसचा बराच भाग लोंबता असतो. बस डावीकडे वळली की तो भाग उजवीकडे फेकला जातो आणि शेजारून जाणाऱ्याच्या हँडलला लागतो. म्हणून डावा इंडिकेटर चालू असलेली बस उजवीकडे सरकताना दिसली, तर मागेच थांबा. स्वारगेटला स्थानकात वळणाऱ्या गाड्या थोडा वेळ बघा, मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

थांब्यावर उभ्या बसच्या डावीकडून कधीही गाडी काढू नका. दार त्याच बाजूला आहे. पिशवी घेऊन उतरणारी म्हातारी खाली पायरीकडे बघत असते, तुमच्याकडे नाही. उजवीकडून जायचं असेल तर कान उघडे ठेवा : कंडक्टरनं डबल घंटी दिली की गाडी हलणार, मग तिच्या पुढे तोंड काढायचं नाही.

हॉर्नवरून बरंच वाजतं. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. माझ्या गाडीत उभे प्रवासी असतात. कचकन ब्रेक मारला तर आतली माणसं एकमेकांवर पडतात. म्हणून मी पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो, आणि नेमकं त्याच अंतरात कुणीतरी येऊन बसतं. मी हॉर्न मारतो तो ‘मला आता थांबता येणार नाही’ हे सांगायला. तरी आमच्या लोकांनाही माझं सांगणं आहे : दुचाकीच्या अगदी मागे जाऊन लांबलचक हॉर्न देऊ नका. माणूस दचकतो, हँडल हलतं. लांबूनच एकदा बारीक वाजवा आणि वाट बघा.

नव्या चालकांना मी आणखी एक सांगतो. दुचाकीला ओव्हरटेक करताना तिला साइडपट्टीवर ढकलायचं नाही. आपल्याकडे डांबर संपतं तिथे वीतभर खाली मुरूम असतो. चाक त्यावरून घसरलं की दुचाकी तुमच्याच बाजूला पडते. शिवाय खड्डा चुकवायला तो कधीही हातभर आत येणार, हे धरूनच चालायचं. मोकळी लेन मिळेपर्यंत मागे राहिलं तर फार तर एक-दोन मिनिटं जातात.

घाटात, म्हणजे समजा पसरणीच्या घाटात, नियम साफ आहे : अरुंद चढावर वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरताना वर येणारी बस दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबा, कारण तिला वळायला अख्खा रस्ता लागतो. चढावर थांबलेल्या बसला मागून चिकटू नका. भरलेली गाडी पुन्हा उचलताना थोडी मागे येतेच. ट्रकच्या उजव्या इंडिकेटरवरही विसंबू नका. कुणी तो वळायला लावतो, कुणी ‘पुढून गाडी येतेय’ म्हणून, तर कुणी ‘जा’ म्हणून.

गळीत हंगामात रात्री वेग कमी ठेवा. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही.

आणि वाजलंच तर? बसला गाडी आडवी लावू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही उभे आहात हे कळत नाही. चालकावर हात उचलला तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागतो. पूर्वीचं ३५३ कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे. तरुण पोरांच्या नोकऱ्या यात अडकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुणी पडलं असेल तर चूक कुणाची ते नंतर. आधी मागची वाहतूक थांबवा, १०८ ला फोन करा, मग ११२ ला. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमाचं संरक्षण आहे, तेव्हा घाबरून निघून जाऊ नका.

चालकाची चूक असेल तर तक्रार जरूर करा. गाडीवर आगाराचं नाव असतं. गाडीचा नंबर, पाटीवरचा मार्ग, ठिकाण आणि वेळ लिहून त्या आगाराच्या व्यवस्थापकाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. नंबर आणि वेळ बरोबर असेल तर त्या फेरीवर कोण होतं ते ड्युटीच्या नोंदीवरून लगेच निघतं.