गाडी मध्येच ओढायची थांबते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

सकाळी गाडी व्यवस्थित चालते. दुपारी चढावर अचानक ओढेनाशी होते. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी पिकअप नाही, इंजिन धक्के खातं, मागचे हॉर्न वाजवायला लागतात. कडेला घेऊन दहा मिनिटं थांबलात की गाडी पुन्हा पहिल्यासारखी.

अशी जुनी गाडी माझ्याकडे येते तेव्हा डिकीत बहुतेक वेळा एक पिशवी असते. तिच्यात काढलेले पार्ट असतात: प्लग, केबल, कॉइल, फिल्टर, कधी अख्खा पंप. मी ते तपासतो आणि त्यातले बरेचसे चांगले निघतात. मालकाने पैसे घातलेले असतात, मेकॅनिकने घाम गाळलेला असतो आणि बिघाड आहे तिथेच असतो. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बिघाड हजर नसताना दुरुस्ती करणं

सगळ्यात मोठी चूक ही. गाडी नीट चालत असताना प्रेशर मोजा, व्होल्टेज मोजा, सगळं नीटच येणार. आणि जो बिघाड आपसूक येतो तो आपसूक जातोही. त्यामुळे काहीही बदललं तरी दोन-तीन दिवस गाडी बरी वाटते आणि श्रेय त्या पार्टला मिळतं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्या मावसभावाची पेट्रोल इंजेक्शनची जुनी गाडी असंच करायची. हायवेला अर्धा तास झाला की दम सोडायची. आधी प्लग आणि केबल बदलून झाल्या, मग कॉइल, मग फ्यूएल फिल्टर. मग टाकीतला पंप. तरीही बिघाड परत आला तेव्हा ‘पंप डुप्लिकेट निघाला असणार’ म्हणून दुसरा पंप. गाडी माझ्याकडे आली तेव्हा भाऊ ती विकायच्या विचारात होता.

मी त्याला एक वही दिली आणि आठवडाभर गाडीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही म्हणून सांगितलं. बिघाड आला की फक्त लिहायचं: इंजिन किती वेळ चालू होतं, कुठला गिअर, चढ की सपाट, टाकीत पेट्रोल किती, टेंपरेचरचा काटा कुठे, चेक इंजिन लाइट लागला का. त्याला हे अजिबात पटलं नाही. मेकॅनिक म्हणवणाऱ्याने बॉनेट न उघडता वही हातात द्यावी, याचा त्याला राग आला होता. पण त्याने लिहिलं. आठवड्यात चार नोंदी झाल्या. चारही वेळा इंजिन अर्ध्या तासाहून जास्त चाललेलं, वरचा गिअर, गाडी दाबून चालवलेली. टाकी एकदा भरलेली, एकदा जवळपास रिकामी, म्हणजे पेट्रोलच्या पातळीशी संबंध नाही. रहदारीत दोन तास रेंगाळूनही काही होत नव्हतं.

मग प्रेशर गेज लावला. फ्यूएल रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, टेस्ट पोर्टला लांब होज जोडून गेज बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढला आणि विंडस्क्रीनवर बाहेरच्या बाजूने टेपने घट्ट बांधला. पेट्रोलची होज गाडीच्या आत कधीही आणायची नाही, गळाली तर माणूस आत जळेल. भाऊ चालवत होता, मी शेजारी बसून आकडे लिहीत होतो. त्या गाडीला ३ बारच्या आसपास प्रेशर लागतं. अर्धा तास काटा तिथेच होता. चौतिसाव्या मिनिटाला २.६. मग २.२. पुढे चढ आला, काटा १.७ वर गेला आणि गाडीने धक्के खायला सुरुवात केली. प्लग आणि कॉइलवरचा संशय तिथेच संपला. इंजिनला पेट्रोल कमी पडत होतं.

पण पंप तर नवा, तोही दुसऱ्यांदा बदललेला! म्हणून पुढच्या फेरीला पंपाच्या कनेक्टरपासून दोन लांब वायरी पुढे आणून मीटर मांडीवर घेतला. निघताना पंपाला १३.२ व्होल्ट मिळत होते. बिघाड आला तेव्हा १०.३. बॅटरीवर त्याच वेळी १३.८. मधले साडेतीन व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जात होते. पॉझिटिव्हच्या बाजूला फक्त ०.४ जात होते, उरलेले ३.१ अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या, बाजूला.

मागची सीट उचलली, खालचं कार्पेट काढलं. कार्पेट दमट होतं. पंपाची अर्थ वायर तिथे एका बोल्टखाली पत्र्याला जोडलेली होती. रिंगवर हिरवट-पांढरी पूड साचलेली, बोल्टभोवतीचा रंग फुगून उचललेला, आणि रिंगजवळ चार बोटं वायरचं प्लास्टिक तपकिरी होऊन काडीसारखं कडक झालेलं. नखाने दाबलं तर तडकलं. इतकी वर्षं त्या जागेवरून करंट कसाबसा जात होता.

गाडी फक्त हायवेलाच का रुसायची, हे इथे कळतं. पंप साधारण ६ अँपिअर ओढत असेल आणि सांध्यात अर्धा ओहम अडथळा असेल, तर ३ व्होल्ट तिथेच जातात आणि १८ वॉट उष्णता त्या छोट्याशा रिंगमध्ये तयार होते. सांधा तापला की अडथळा आणखी वाढतो, पंप आणखी मंदावतो. हळू चालवताना इंजिनला पेट्रोलच थोडं लागतं, त्यामुळे मंद पंपही पुरतो. चढावर दाबून चालवलं की पुरत नाही. दहा मिनिटं थांबलं की सांधा थंड होतो आणि गाडी पुन्हा चालते.

आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस बरं का वाटायचं? पंप बदलताना सीट निघाली, वायरी हलल्या, रिंग बोल्टखाली थोडी सरकून नव्या जागी टेकली. प्लग-कॉइलच्या वेळी तर तेही झालं नव्हतं. तेव्हा भाऊ नवीन पार्ट म्हणून गाडी जपून चालवत होता, एवढंच. नुसता हात लागून किंवा बोनेटही न उघडता बिघाड काही दिवस गायब झाला, तर मी आता पहिला संशय सांध्यांवर, कनेक्टरवर आणि रिलेवर (पंपासारख्या भाराला करंट सोडणारा स्विच) घेतो. जुन्या गाडीतल्या रिलेच्या आतल्या सोल्डरच्या डागाला केसाएवढी चीर पडते आणि गरम झाल्यावर ती उघडते. रिलेचं झाकण काढून भिंगाने बघायची मला सवयच आहे.

मीटरने बीप दिला म्हणजे वायर चांगली असं समजणं

ही चूक शिकलेसवरलेले लोकही करतात, म्हणून जास्त चीड येते. भावाच्या गाडीची अर्थ वायर आधी एका गॅरेजात तपासली गेली होती. मीटर कंटिन्युइटीवर (वायर अखंड आहे का बघायच्या सेटिंगवर) ठेवला, बीप वाजला, वायर पास. कंटिन्युइटी तपासताना मीटर वायरमधून अगदी किंचित करंट सोडतो. दहा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी तो बीप देतो. पण पंपाला लागणारे ६ अँपिअर त्या एका तारेतून जाऊ शकत नाहीत.

वायर तपासायची ती भार चालू असताना. मीटर व्होल्टवर ठेवा, पंप चालू असू द्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पंपाच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की मी तो सांधा उघडतोच. इंजिन आणि बॅटरीमधली जाड अर्थ पट्टी पण अशीच तपासा. स्टार्टर फिरवताना तपासलीत तर तिथलं दुखणं चटकन दिसतं, फक्त तेवढ्या मोठ्या करंटला आकडा थोडा जास्त आला म्हणून घाबरू नका.

कोड वाचून लगेच पार्ट मागवणं

स्कॅनर आता सगळ्यांकडे आहे. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाडाचा कोड वाचायची ठरावीक पद्धत, सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत लाइटची उघडझाप मोजून कोड काढावा लागतो. कोड काढणं चांगलंच आहे. वाईट आहे ते पी-०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर मागवणं. पी-०१७१ चा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे एवढाच. सेन्सर बिचारा खरं सांगतोय, आणि लोक त्यालाच काढून टाकतात.

त्यापेक्षा फ्यूएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. आयडलिंगला ठीक आणि भार पडल्यावर वर चढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी मोजतोय. हवेच्या सेन्सरपासून थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप मी प्रत्येक जुन्या गाडीत हातात घेऊन बघतो. त्याच्या घड्यांमध्ये खालच्या बाजूला चीर असते. वरून पाइप अगदी धडधाकट दिसतो. दोन्ही अंगठ्यांनी घडी ताणली की चीर उघडते. गाडी उभी असताना ती मिटलेली राहते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन माउंटवर कलंडलं की उघडते. म्हणूनच तो बिघाड कधी येतो, कधी जातो.

बॅटरीचं टर्मिनल काढून ‘रीसेट’ करणं

कृपा करून हे करू नका. कोड लागला त्या क्षणाचं टेंपरेचर, आरपीएम, भार हे सगळं कॉम्प्युटरने जपून ठेवलेलं असतं. टर्मिनल काढलंत की बऱ्याच गाड्यांत ते पुसलं जातं, शिकलेल्या ट्रिमसकट. आठवडाभर वाट पाहून मिळणारी माहिती दोन मिनिटांच्या घाईत जाते. आधी सगळं लिहून घ्या.

छोट्या वाटणाऱ्या बाकीच्या चुका

इंजिनलाच दोषी धरणं. आरपीएम वर जातोय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. गाडी जड वाटते आणि एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय, तर ब्रेक धरून राहतोय. चाकाजवळ तळहात नेऊन बघा, रिमला एकदम हात लावू नका.

टाकीचं झाकण विसरणं. बिघाड आलेला असताना झाकण उघडा. जोरात हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीचा श्वास कोंडलाय. याला एक मिनिट लागतं आणि कुणीच करत नाही.

आरपीएमचा काटा न बघणं. इंजिन अचानक बंद पडतं त्या क्षणी, गाडी अजून गिअरमध्ये धावत असताना काटा शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) किंवा इग्निशनकडे बघा. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर सिग्नल सोडतो आणि थंड झाल्यावर परत देतो, हे त्याचं नेहमीचंच.

चालू इंजिनवर प्लगची केबल उपटून ‘कुठला सिलिंडर मारत नाही’ ते बघणं. झटका बसतो, कॉइल जाते. अंधारात केबलवर पाण्याचा बारीक फवारा मारा. गळती असेल तर निळी ठिणगी दिसते.

टाकीत औषधाची बाटली ओतणं. सैल वायर त्याने घट्ट होत नाही.

सायलेन्सरकडे न बघणं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतली सिरॅमिक वीट फुटली की तुकडे आतल्या आत फिरतात, कधी वाट अडवतात, कधी मोकळी करतात. गाडी थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोका, खुळखुळ ऐकू येते. इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तमच. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. आरपीएम २५०० वर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली घसरत राहिला तर एक्झॉस्ट तुंबलाय. आणि कन्व्हर्टर आतून पोकळ करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो बहुतेकदा मिसिंगमुळे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटल्यामुळे, जळलेला असतो. मिसिंग तसंच राहिलं तर नवाही जळेल.

फ्यूएल लाइन उघडण्याआधी प्रेशर न सोडणं. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मगच पाइपला हात लावा, तोही इंजिन थंड झाल्यावर. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल उडालेलं मी पाहिलंय. त्यावर मला वाद घालायचा नाही.

एक चक्कर मारून गाडी परत देणं

भावाच्या गाडीची अर्थ जागा पॉलिशपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, कडक झालेली वायर कापून टाकली, नवीन रिंग क्रिंप केली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. पाऊण तासाचं काम. भाऊ तिथेच किल्ली मागू लागला. मी दिली नाही. ज्या परिस्थितीत बिघाड यायचा तीच परिस्थिती परत आणायची होती: अर्ध्या तासाच्या वर चाललेलं इंजिन, वरचा गिअर, तोच चढ. गेज तसाच काचेवर ठेवून आम्ही तीन वेगवेगळ्या दिवशी गेलो, एकदा तर भर दुपारी. तिन्ही वेळा चढाच्या माथ्यापर्यंत काटा ३ बारवर होता आणि पंपाला १३.३ व्होल्ट मिळत होते. तिसऱ्या फेरीहून आल्यावर गेज काढला आणि किल्ली दिली.