मॉडेलमधलं प्लास्टर कमी का भरत होतं

नागपूरजवळच्या बेस्यातल्या चार मजली इमारतीचं एस्टिमेट संगणकावरच्या थ्रीडी मॉडेलवरून करताना प्लास्टर हातमोजणीपेक्षा बरंच कमी आलं. दोन रात्री मॉडेलच तपासत बसलो. मॉडेल बरोबर होतं, दार-खिडक्यांच्या वजावटीचा नियम वेगळा होता.

माझं सॉफ्टवेअर प्रत्येक दार-खिडकी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वजा करतं. आपल्याकडे बिल आयएस १२०० (बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक) प्रमाणे निघतं: ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची (दार, खिडकी) वजावट नाही, ०.५ ते ३ पर्यंत एकाच बाजूची, त्यावर दोन्ही बाजूंची, पण जांब-सॉफिट (त्या जागेच्या आतल्या कडा आणि वरची खालून दिसणारी बाजू) वेगळे मोजून. म्हणजे १ × २.१ मीटरच्या एका दारामागे २.१ चौरस मीटर प्लास्टर गायब! ०.६ × ०.६ चं व्हेंटिलेटर तर वजा व्हायलाच नको होतं.

मग नवं सॉफ्टवेअर निवडताना डेमो बघणं सोडलं. एकच फ्लॅट टेपने मोजला, त्याच्या मॉडेलची आयएफसी फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता यावी असा सामाईक प्रकार) तीन पर्यायांत टाकली. एकात आकडेच रिकामे. मॉडेल बनवायच्या रेव्हिट सॉफ्टवेअरमधून फाइल काढताना ‘एक्सपोर्ट बेस क्वांटिटीज’वर (मोजमापंही फाइलमध्ये घालण्याचा पर्याय) टिक करायची राहून गेली होती. ती केली, आकडे आले. शेवटी वजावटीचे नियम स्वतः लिहू देणारं घेतलं. महाग पडलं, पण साइटवरच्या मिस्त्रीचा आकडा आणि माझा आता जुळतो.