व्होल्टेज, करंट, रोध आणि शक्ती: एका एलईडीच्या सर्किटवर मोजून बघा

सर्किटचा अभ्यास सुरू करताना सूत्रे लवकर पाठ होतात, पण मीटरच्या तारा हातात घेतल्या की गोंधळ उडतो. त्याचे मूळ एकच असते. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमध्ये असते, करंट मात्र एखाद्या जागेतून वाहतो. म्हणून व्होल्टेज मोजताना सर्किट आहे तसे ठेवून मीटर समांतर, म्हणजे घटकाच्या दोन टोकांवर लावायचा आणि करंट मोजताना सर्किट तोडून मीटर एकसरीत, म्हणजे त्याच वाटेत घालायचा.

सामान थोडेच लागते: ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, ब्रेडबोर्ड (डाग न देता सुटे भाग खोचून जोडायची भोकांची पाटी), ५ मिलिमीटरचा लाल एलईडी, पाव वॉटचा ४७० ओहमचा एक रेझिस्टर, १ किलोओहमचा एक, १ मेगाओहमचे दोन आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. गोल खटक्याचा पिवळा स्वस्त मीटर चालेल. शिकायला तोच बरा, कारण त्याचे दोष उघड दिसतात.

रेझिस्टर सर्किटमध्ये लावण्याआधीच मोजा. ४७० ओहमचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी. सोनेरी म्हणजे ५ टक्के फरक मान्य, तेव्हा ४४७ ते ४९३ मधला कोणताही आकडा ठीक. कमी उजेडात तपकिरी पट्टा काळा वाटतो, आणि काळा असेल तर तो रेझिस्टर ४७ ओहमचा. तो लावलात तर करंट १०० मिलिअँपिअरच्या वर जाईल, आणि साध्या एलईडीची मर्यादा २०च्या आसपास असते. खटका २००० ओहमवर ठेवून मोजा. समजा ४६८ आले. पुढची गणिते याच आकड्याने करायची, छापील ४७०ने नाही. मोजताना दोन्ही टोके बोटांत धरू नका, शरीराचा रोध समांतर जोडला जातो. ४७० ओहमला त्याने फरक पडत नाही, १ मेगाओहमला चांगलाच पडतो. बॅटरी जोडलेली असताना रोध तर मोजायचाच नाही.

आता जोडणी. बॅटरीच्या धन टोकाकडून रेझिस्टर, तिथून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ऋण टोकाला. ब्रेडबोर्डवर एका ओळीतली पाच भोके आतून जोडलेली असतात. रेझिस्टरचे दोन्ही पाय त्याच ओळीत खोचले तर तो सर्किटमध्ये नसल्यासारखाच, आणि एलईडी एकदाच लखकन चमकून संपतो.

व्होल्टेजसाठी काळी तार कॉमच्या भोकात, लाल तार व्होल्ट-ओहमच्या भोकात, खटका डीसी २० व्होल्टवर. एलईडी पेटलेला असताना तीन वाचने घ्या: बॅटरीवर ९.२, रेझिस्टरवर ७.२, एलईडीवर २.० व्होल्ट. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण मागच्या दोघांची बेरीज पहिल्याइतकी यायला हवी. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरचॉफने १८४५ साली मांडलेला व्होल्टेजचा नियम तो हाच. तारा उलट्या लावल्या तर उणे ७.२ दिसेल. त्यात चूक काही नाही. लाल तार ऋण टोकाकडच्या बाजूला आहे, एवढेच मीटर सांगतो.

करंट थेट मोजायचा तर रेझिस्टरचा एक पाय उपसा, खटका २० मिलिअँपिअरवर न्या आणि त्या फटीत मीटर घाला. इथे १५.१ दिसेल. पण रेझिस्टरवरचे व्होल्टेज त्याच्या रोधाने भागा: ७.२ भागिले ४६८ म्हणजे १५.४ मिलिअँपिअर. फरक का? अशा मीटरचा या रेंजवर स्वतःचा सुमारे १० ओहम रोध असतो, तो एकसरीत येऊन करंट कमी करतो. म्हणून रेझिस्टर हाताशी असेल तर भागाकाराचीच रीत वापरा. सर्किटही तोडावे लागत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक याच पायरीवर होते. खटका मिलिअँपिअरवर विसरून तारा थेट बॅटरीवर टेकवल्या की आतला फ्यूज उडतो. मग व्होल्टेज नीट दिसते, पण करंट कायम शून्य, आणि मीटर एकसरीत घातला की एलईडीच विझतो. असे दिसले तर फ्यूज बघा. १० अँपिअरच्या वेगळ्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये बहुधा फ्यूजच नसतो. त्या भोकात तार असताना घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला मीटरच्या तारा लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

एलईडीचे २.० व्होल्ट १५.४ मिलिअँपिअरने भागले तर १३० ओहम येतात. हा एलईडीचा ठरलेला रोध समजू नका. ४७०च्या जागी १ किलोओहम लावा: करंट सातच्या आसपास उतरेल, एलईडीवर तरी १.९ व्होल्ट राहतील आणि भागाकार २६०च्या घरात जाईल. ओहमचा नियम (व्होल्टेज भागिले रोध म्हणजे करंट) इथे लावायचा तो रेझिस्टरला.

शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, पण चिन्ह आधी ठरवा. करंट ज्या घटकाच्या धन टोकातून आत शिरतो तो शक्ती घेतो, त्याची शक्ती अधिक. रेझिस्टर १११ मिलिवॉट, एलईडी ३१. बॅटरीच्या धन टोकातून करंट बाहेर पडतो, म्हणून तिचे उणे १४२. तिन्हींची बेरीज शून्य. परीक्षेत उत्तर तपासायला याहून सोपा मार्ग नाही. शून्य आले नाही तर बहुधा आकृतीत करंटसाठी काढलेल्या बाणाची दिशा मध्येच बदललेली असते. रेझिस्टर २५० मिलिवॉटचा आहे, निम्म्याहून कमी भार, म्हणजे निर्धास्त.

आता १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसरीत त्याच बॅटरीवर लावा. प्रत्येकावर ४.६ व्होल्ट यायला हवेत. स्वस्त मीटर ३.१ दाखवेल, दोन्हींवर, आणि बेरीज ६.२! किरचॉफ चुकलेला नाही. अशा मीटरचा व्होल्टेज रेंजवरचा रोध सुमारे १ मेगाओहम असतो. तो समांतर बसला की त्या रेझिस्टरच्या जागी अर्धाच मेगाओहम उरतो. एकावर तारा टेकवल्या त्या क्षणी दुसऱ्यावर ६.१ व्होल्ट असतात, फक्त ते वाचायला दुसरा मीटर नसतो. १० मेगाओहमचा मीटर याच जागी ४.४ दाखवतो.