जोर कधी लावायचा

इंदूरच्या प्रसूतिगृहांत सिस्टर म्हणून तीस वर्षं काढली. अजूनही रामबागेत आमच्या गल्लीत कुणी पहिलटकरीण असली की आठव्या महिन्यात आईबरोबर येऊन विचारते, "मावशी, जोर कधी लावायचा?"

कुणी ओरडतंय म्हणून लावायचा नाही, हे आधी सांगते. माझ्या पहिल्या बाळंतपणात गर्भपिशवीचं तोंड सातच सेंटिमीटर उघडलं होतं आणि टेबलाभोवती तिघीजणी "ज़ोर लगाओ, और लगाओ" करत होत्या. दात आवळून दोन तास जोर केला. पिशवीचं तोंड सुजलं, अंगातलं त्राण गेलं. खरी वेळ आली तेव्हा हातपाय थरथरत होते. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

पिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटिमीटर उघडलं की मगच जोर कामी येतो, आणि ते तपासणीनेच कळतं. तरी शरीर इशारा देतं. कळेच्या ऐन भरात खाली गुदद्वाराशी दाब येतो, संडासला लागल्यासारखं वाटतं. कण्हता कण्हता आवाज मध्येच अडकतो, घशातून "हं" निघतो, श्वास आपोआप धरला जातो. पडद्याबाहेरून तो आवाज ऐकला की मी हातमोजे घ्यायला वळायचे. अशा वेळी एकटीने संडासला जाऊ नका. आधी सिस्टरला सांगा.

तपासणीत आठ-नऊच सेंटिमीटर निघालं तर? कुशीवर वळा आणि दिवा विझवल्यासारखं फू-फू करत कळ जाऊ द्या. नाहीतर गुडघ्या-कोपरांवर ओणव्या व्हा, बाळाच्या डोक्याचा दाब हलका होतो. उलटही होतं, 10 झालेत पण जोर येत नाही. बाळाचे ठोके ठीक असतील तर थोडं थांबलं तरी चालतं, बाळ खाली सरकत असतं. एपिड्यूरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते औषध, घेतलं असेल तर ही जाणीव बोथट होते, म्हणून कधी सुरू करायचं ते डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

जोर लावताना हनुवटी छातीकडे घ्या. कळ चढू द्या, शरीर मागेल तसा पाच-सहा सेकंद खाली जोर, मग श्वास, मग पुन्हा. चेहरा लालबुंद होऊन गळ्याच्या शिरा फुगल्या तर समजा, जोर वर गेला, खाली नाही. उताणंच झोपलं पाहिजे असं नाही; उकिडवं किंवा कुशीवरही चालतं. दोन कळांच्या मधे अंग पूर्ण सैल सोडा, घोटभर पाणी घ्या. लघवी तुंबली असेल तर सांगा, लघवीची भरलेली पिशवी बाळाची वाट अडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनाप्रमाणे तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा हा टप्पा पहिल्या खेपेला साधारण तीन तासांत, नंतरच्या खेपांना दोन तासांत उरकतो. कुणी वरून पोट दाबू लागलं तर नको म्हणा. संघटनाही ते करू नका असंच सांगते.

घरीच जोर येऊ लागला तर 108 लावा, डाव्या कुशीवर झोपा. पाय आवळून बाळ अडवू नका.

डोकं दिसू लागलं की खाली जळजळतं. तेव्हा जोर थांबवायचा, तोंड उघडं ठेवून भरभर श्वास घ्यायचा. भाचीच्या वेळी मी तिचा हात धरून खाली नेला. बोटांना ओले केस लागले तशी ती जोर विसरून धापा टाकू लागली, आणि पुढच्या कळेला डोकं हळूहळू माझ्या तळव्यावर आलं.