मॉडिफाय गाडीचा फ्युएल पंप ओरडतोय? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज यावा आणि थांबावा. त्या दोन सेकंदांत पंप रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब भरतो. ताशी 255 लिटरचा मोठा पंप बसवला असेल तर तो कंपनीच्या पंपापेक्षा जोरात वाजणारच. आवाज एकसुरी असेल आणि दिवसेंदिवस वाढत नसेल, तर त्याच्या मागे लागू नका. काळजी करायची ती तापल्यावर वाढणाऱ्या, टाकी पाव झाली की सुरू होणाऱ्या किंवा चोर्ला घाटाच्या वळणांवर अचानक कर्कश होणाऱ्या आवाजाची.

अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजला गेली की पहिला उपाय ठरलेला असतो: पंप बदला. मग नवा पंपही महिन्या-दोन महिन्यांत तसाच ओरडायला लागतो. कारण पंप बहुतेक वेळा तीनच गोष्टींसाठी ओरडतो: मागून पेट्रोल नीट येत नाही, वायरमधून पुरेसा व्होल्टेज येत नाही, किंवा पुढे पेट्रोलला वाट मोकळी नाही. यातलं कुठलं कारण आहे ते ठरल्याशिवाय पंपाला हात लावू नये.

आवाज पंपाचाच आहे, असं गृहीत धरणं

इंजिन बंद ठेवा. फ्युएल पंपाचा रिले (पंपाला वीज चालू-बंद करणारा स्विच) काढा आणि सॉकेटमधले 30 आणि 87 हे दोन पॉइंट फ्यूज लावलेल्या वायरीने जोडा. आता फक्त पंप चालेल. आवाज तोच आला तर पंप किंवा त्याची लाइन. आला नाही तर शोध दुसरीकडे घ्या. बॉनेटखालची टिकटिक बऱ्याचदा पर्ज व्हॉल्वची (टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणाऱ्या झडपेची) किंवा इंजेक्टरची असते. गुणगुण रेलपाशी येत असेल तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रेग्युलेटरवर (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागावर) आणि मूठ कानाला लावून ऐका. मोठा अँप्लिफायर लावलेल्या गाडीत पंपाची शीळ स्पीकरमधूनही येते. म्युझिक सिस्टीम बंद केल्यावर आवाज गेला, तर दोष अँप्लिफायरच्या अर्थिंगमध्ये किंवा आरसीए वायर (अँप्लिफायरला आवाजाचा सिग्नल देणारी) पॉवरच्या वायरीला खेटून नेल्यामध्ये आहे.

टाकीचा श्वास कोंडणं

सगळ्यांत सोपी तपासणी हीच, आणि हीच राहून जाते. आवाज चालू असताना टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि आवाज लगेच उतरला, तर टाकीत निर्वात तयार होतोय आणि पंप त्याच्याशी झगडतोय. मॉडिफाय करताना इंजिन-बे मोकळा दिसावा म्हणून चारकोल कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा) काढतात आणि त्याच्या पाइपाला बोल्ट ठोकून बंद करतात. टाकीत हवा येण्याचा रस्ताच त्यानं जातो. कॅनिस्टर परत बसवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे फिरणाऱ्या जिप्सी-जीपमध्ये व्हेंटचं, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीचं, तोंड लाल चिखलानंही बुजतं. पावसाळ्यानंतर ते एकदा फुंकून घ्यावं.

सक्शनकडे दुर्लक्ष

डब्यात खडे घालून हलवल्यासारखा खडखडाट मिसळलेला आवाज म्हणजे कॅव्हिटेशन. सक्शनच्या, म्हणजे पंप पेट्रोल ओढतो त्या, बाजूला दाब इतका पडतो की पेट्रोलचे बुडबुडे होतात आणि पंप पेट्रोलाऐवजी वाफ कापत राहतो. टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो आणि पेट्रोलनंच त्याचं वंगण होतं. त्यामुळे असा खडखडाट आठवडाभरही चालू देऊ नका.

पहिला संशय सॉक फिल्टरवर, म्हणजे पंपाच्या तोंडावरच्या जाळीवर. मोठ्या पंपाला जुन्या पंपाचीच छोटी जाळी लावली की ती अपुरी पडते. नवी जाळी बसवताना ती दुमडली जाते किंवा टाकीच्या तळावर दाबली जाते. ती तळाला सपाट टेकावी, पण चेंगरू नये. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या लोखंडी टाकीतला चिकट थर आणि गंज सोडवतं, आणि तो सगळा जाळीवर येऊन बसतो. जुन्या एस्टीम, झेन, जिप्सीत पंप बदलताना टाकी उतरवून धुतली नाही, तर नवी जाळीही थोड्याच दिवसांत काळी-तपकिरी झालेली दिसेल.

दुसरं म्हणजे पातळी. तवंदी किंवा चोर्ला घाटात जोरात चालवायची असेल तर टाकी अर्धी ठेवा. वळणात पेट्रोल एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. शिवाय रिटर्न लाइनच्या (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) गाडीत मोठा पंप इंजिनजवळून तापलेलं पेट्रोल सतत टाकीत परत आणतो. टाकीत पाच-सात लिटरच असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी तेच पेट्रोल तापत जातं. थंड गाडीत शांत आणि अर्ध्या तासानं ओरडणारा पंप बहुधा या कारणानं ओरडतो.

तिसरं, बाहेरचा पंप चुकीच्या जागी. जीपमध्ये सोय म्हणून तो पुढे फायरवॉलवर लावतात. इलेक्ट्रिक पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. तो मागे, टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली हवा. त्याच्या आधी बारीक कागदी फिल्टर लावू नका. आधी 100 मायक्रॉनची जाळी, आणि 10 मायक्रॉनचा फिल्टर पंपानंतर. कार्ब्युरेटरच्या गाडीला एमपीएफआयचा (इंजेक्टरच्या गाडीचा) पंप कधीही जोडू नका. कार्ब्युरेटरला 0.2 ते 0.3 बार दाब पुरतो. तीन बारनं कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व उचलला जातो आणि पेट्रोल गरम इंजिनवर ओतलं जातं.

जुनीच वायर, मोठा पंप

कंपनीचा पंप साधारण 4 ते 6 अँपिअर घेतो. 255 लिटरचा पंप दाबानुसार 8 ते 13. पण वायर, रिले आणि टाकीच्या वरच्या प्लेटमधला कनेक्टर जुनाच राहतो. वायर तापते, व्होल्टेज पडतो, पंपाचा सूर उतरतो, घरघर सुरू होते आणि वरच्या आरपीएमला गाडी मिसिंग मारते.

इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू, अशा अवस्थेत मीटर लावा. बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले पाहिजेत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या कनेक्टरच्या प्लसवर ठेवा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर, फ्यूज-होल्डर किंवा रिले दोषी. तसंच पंपाची अर्थ आणि बॅटरीची मायनस यांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. मीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणून बरेच जण समाधान मानतात, पण पंप बंद असताना घेतलेल्या त्या आकड्याला काही किंमत नाही. भार असतानाच मोजायचं.

उपाय: बॅटरीपासून स्वतंत्र 4 चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच 20 अँपिअरचा फ्यूज, 30/40 अँपिअरचा रिले, आणि रिलेच्या कॉइलला जुन्या पंपाच्या वायरीचा सिग्नल. म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंपही बंद करेल. पंप थेट इग्निशनवर जोडण्याची पद्धत पूर्ण सोडून द्या. टाकीच्या आत साधी पीव्हीसी वायर चालत नाही. ती पेट्रोलमध्ये कडक होऊन तडकते. टेफ्लॉन आवरणाचीच घ्या.

दाब न मोजता निदान

शंभर पीएसआयचा गेज रेलवर टी लावून बसवा. रेलवर रेग्युलेटर असलेल्या बहुतेक गाड्यांत व्हॅक्यूमचा पाइप काढून साधारण 3 बार (43 पीएसआय) दिसायला हवा, पाइप लावल्यावर आयडलला तो 2.5 च्या आसपास उतरतो. टाकीतच रेग्युलेटर असलेल्या गाड्यांत बहुधा 3.5 ते 4 बार. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या.

आयडलला दाब जास्त असेल, समजा 3 ऐवजी 4, तर रिटर्न तपासा. जुना बारीक रिटर्न पाइप मोठ्या पंपाचं उरलेलं पेट्रोल परत नेऊ शकत नाही आणि पंप भिंतीला ढकलत राहतो. रिटर्न पाइप रेग्युलेटरपासून सोडवून तात्पुरता लांब नळीनं कॅनमध्ये सोडा. दाब लगेच उतरला तर पाइप बारीक किंवा दबलेला आहे. तरीही नाही उतरला तर रेग्युलेटर लहान पडतोय.

दाब कमी असेल तर प्रवाह मोजा. रिटर्नचं पेट्रोल तीस सेकंद मोजपात्रात घ्या. कंपनीच्या पंपाला अर्धा ते पाऊण लिटर यावं, चांगल्या 255 च्या पंपाला दोन लिटरच्या आसपास. कमी आलं तर फिल्टर, सॉक, व्होल्टेज या क्रमानं बघा, पंप शेवटी.

हे सगळं उघड्यावर करा, शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये नाही. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाइनमधला दाब जाईल. लाइन उघडताना बॅटरीची मायनस काढा, आणि मोजणीसाठी ती परत लावण्याआधी सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या. पिवळा बल्ब नको, एलईडी वापरा, आणि पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा.

फिटिंगमधल्या बारीक चुका

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत लेथवर कुठलाही ॲडाप्टर किंवा टाकीची प्लेट करून मिळते, ही या भागाची मोठी सोय. पण टर्निंगचा चुरा आत राहिला तर तो थेट पंपात किंवा इंजेक्टरमध्ये जातो. केरोसिननं धुवून हवा मारल्याशिवाय बसवू नका. ओ-रिंग व्हायटॉनची (पेट्रोलमध्ये टिकणाऱ्या रबराची) घ्या. सिलिकॉन सीलंट पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, टेफ्लॉन टेपचे तुकडे फिल्टरनंतरच्या लाइनमध्ये फिरतात, दोन्ही टाळा. टाकीच्या आत आर10 खुणेचीच नळी लावा. बाहेरची आर9 नळी पेट्रोलमध्ये बुडाली की काही महिन्यांत लिबलिबीत होऊन चिरते, मग पंप आतल्या आत दाब सांडत ओरडत राहतो. बाहेरच्या पंपाला रबर बुश असलेला क्लॅम्प हवाच. उघड्या पट्टीनं चॅसीला आवळला तर तो चांगला असूनही सगळी गाडी गुणगुणते.

गॅस किट असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट. पुष्कळ किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोल पंप फिरतच असतो. टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून बेळगाव-कोल्हापूर फेऱ्या मारल्या तर तो जळणारच. किमान दहा लिटर ठेवा, किंवा किट बसवणाऱ्याकडून पंप-कट रिले टाकून घ्या.

एवढं तपासूनही पंपच गेलेला ठरला, तर नवा पंप बिल घेऊनच विकत घ्या. नामांकित पंपांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. कोरड्या टाकीत तो वाजवून बघू नका. आधी दहा-पंधरा लिटर पेट्रोल भरा, मग चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून लाइनमधली हवा काढा, गेज लावून दाब लिहून ठेवा आणि शंभर किलोमीटरनंतर तोच आकडा परत येतो का ते बघा.